तीन बाळांचा बाळंतविडा : क्रोशाच्या नोंदी

काम : तीन मैत्रिणींच्या बाळांसाठी बाळंतविडा, सगळा क्रोशाचा.
सुया : २.५, ३.५ आणि ४ मिमी.
मुक्काम : परभणी.

२ नोव्हेंबर २०२५

यादी झाली. जालनावालीला मुलगी झाली, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. बारसं सव्वा महिन्यानं, ३० तारखेला. तिला दुपटं आणि टोपडं. लातूरवालीचा मुलगा सप्टेंबरातला, नद्या शेतात शिरल्या होत्या त्या पावसातला. तिनं येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात बोलावलंय, तोवर तो तीन महिन्यांचा होईल; त्याला कुंची. नांदेडवालीला जानेवारीअखेरची तारीख दिलीय. तिच्यासाठी काय करायचं ते अजून ठरत नाही.

एक अट आधीच लिहून ठेवते, पुढं मोह होतो म्हणून : वस्तू वापरात आली पाहिजे. आमच्या लोखंडी पेटीत माझ्या बारशाचा गुलाबी लोकरीचा सेट अजून आहे. फ्रॉक, टोपी, मोजे, जिथं जागा सापडली तिथं फ्रिल आणि साटीनची रिबीन. एकदाही अंगाला लागलेला नाही. आईला विचारलं तर म्हणते, "येवढं नाजूक कोण वापरतंय? अन् घातलं की तू ओरडायचीस नुसती." ज्या मावशींनी विणला त्यांची मेहनत डांबरगोळ्यांसोबत पडून आहे.

३ नोव्हेंबर

गांधी पार्काकडं सूत आणायला गेले. "बाळासाठी पाहिजे" म्हटलं की दुकानात समोर एकच ढीग येतो, बेबी वूलचा. हाताला फार मऊ लागतं आणि रंगही गोड. नावात वूल असलं तरी मेंढीचा काही संबंध नाही, लेबलावर बारीक अक्षरांत १०० टक्के ॲक्रिलिक. घाम शोषत नाही, वारा आत-बाहेर होऊ देत नाही. सिमल्याच्या बाळाला ठीक असेल. आपल्याकडं थंडी संक्रांतीपर्यंत, फार तर शिवरात्रीपर्यंत. मग एप्रिलात बेचाळीस.

सुट्या लच्छ्यांना लेबलच नव्हतं. त्यासाठी जुनी परीक्षा आहे : बोटभर धागा तोडून काडी लावायची. सुती धागा कागद जळतो तसा वास देत सरळ जळत जातो, मागं राखाडी राख उरते आणि ती बोटानं चुरगळते. ॲक्रिलिक आधी आकसतं, मग वितळतं आणि टोकाला काळा कडक मणी धरतं. मणी थंड झाला की नखानं दाबला तरी फुटत नाही. दुकानदार भाऊंनीच काडी ओढली. ज्याला ते "मिल्क कॉटन, ताई, पूर्ण कॉटन" म्हणत होते त्यानं राखही दिली आणि बारीक मणीही. मिश्रण. भाऊ हसले आणि वरच्या फळीवरचं सूत काढायला स्टूल घेऊन आले.

घेतलं : दुपट्याला आठपदरी बिनचमकीचं सूत, पांढरं आणि मोरपंखी. टोपड्याला चारपदरी, फिकं पिवळं. किनारीला थोडं राणी कलरचं. मर्सराइज्ड सुताला चमक छान असते, रुमाल-तोरणाला तेच हवं. पण बाळाच्या गालाखाली मला साधंच बरं वाटतं.

८ नोव्हेंबर

सुती आणि ॲक्रिलिक, दोन्हीचे १० सेंमीचे चौकोन विणून आईच्या स्वाधीन केले. सूचना एवढीच : बाळाचे लंगोट धुतेस तसं धू. तिनं गरम पाण्यात भिजवले, वडीचा साबण लावला, दगडावर घासले, गच्चीवर उन्हात टाकले. असं तीनदा.

सुती चौकोन साडेनऊ सेंमी झाला. म्हणजे पाच टक्के आत आला, पुढच्या सगळ्या मापांत तेवढं धरायचं. ॲक्रिलिकचं माप हललं नाही, पण अंगावर बारीक गोळे आले. सुती चौकोन वाळला तेव्हा पापडाइतका कडक होता. हा दोष सुताचा नाही, आमच्या बोअरच्या पाण्याचा. त्यातले क्षार साबणाला धरतात, फेस होण्याऐवजी चोथा होतो आणि तो धाग्यात बसतो. आईनं साबण निम्मा केला, एक पाणी जास्त काढलं आणि वाळत घालायच्या आधी जोरात झटकला. बराच सुधारला. वाळल्यावर हातात चोळला की अजून.

राणी रंगाचा धागा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासला तर फडकं गुलाबी. दुसऱ्यांदा धुऊन घासला तरी गुलाबी. तो गुंडा बाद. बाळ दुपट्याची किनार चोखणार, हे काही कुणी सांगायला नको.

१२ नोव्हेंबर

टोपडं. हिशोब लिहून ठेवते, पुन्हा लागेल.

जन्मतः डोक्याचा घेर साधारण ३३-३४ सेंमी, तीन महिन्यांना ३९-४०. बारशाच्या मापाचं केलं तर पंधरा दिवसांत घट्ट होणार, म्हणून ४० चं धरलं. टोपडं डोक्यापेक्षा दोनेक सेंमी कमीच ठेवायचं, सूत ताणतं. राहिले ३८. त्याला ३.१४ नं भागलं की माथ्याच्या चकतीचा व्यास निघतो : १२ सेंमी. साडेतीनच्या सुईवर चारपदरी सुताचा एक खांब, म्हणजे क्रोशाचा उंच टाका, साधारण एक सेंमी उंच होतो. मॅजिक रिंगमध्ये (ओढून बंद करायच्या सुरुवातीच्या फासात) बारा खांब, मग दर फेरीला बारा वाढवत जायचं. सहाव्या फेरीला ७२ खांब होतात आणि चकती बरोबर बारावर येते. कडा लहरी मारायला लागली तर वाढ जास्त होतेय, वाटीसारखी वळली तर कमी. पुढं वाढ बंद, सरळ फेऱ्या, माथ्यापासून उंची १५ सेंमी होईपर्यंत.

कानांवर पट्ट्या नाहीत, गोंडा नाही, नाडी नाही. शेजारच्या काकू बघून म्हणाल्या, "असं बोडकं टोपडं कुठं असतं का? एखादं फूल तरी लाव." फूल लावलं की बाळ कुशीवर वळलं की ते टोचतं. लावणार नाही.

टोपड्याचा प्रश्न खरं तर फुलाचा नाही, आजीचा आहे. टाळू भरेपर्यंत डोकं उघडं ठेवायचं नाही, हे आपल्याकडं ठरलेलं. टाळू भरायला वर्ष-दीड वर्ष लागतं, म्हणजे मधला उन्हाळा आलाच. बालरोगतज्ज्ञ सांगतात की घरात, झोपेत टोपी नको. लहान बाळाची बरीचशी उष्णता डोक्यातून बाहेर पडते, ती अडली तर अंग तापतं. जालनावालीच्या सासूबाईंना हे मी सांगणार नाही आणि त्या ऐकणारही नाहीत. माझ्या हातात एवढंच, की टोपडं सुती असेल, खांबांतून वारा जाईल आणि भिजलं तरी दिवसभरात वाळेल.

१५ नोव्हेंबर

दुपटं सुरू. धुतल्यावर ७५ बाय ७५ उरायला हवं, म्हणून ७९ वर आखलं. चारची सुई.

टाका निवडायलाच संध्याकाळ गेली. जाळीची नक्षी मोबाईलवर सुंदर दिसते, पण तान्ह्या बाळाची बोटं भोकात अडकतात. नुसते खांब घेतले तरी दोन खांबांत फट राहते. शेवटी एक मुका खांब (बुटका टाका), एक साखळी, एक मुका खांब, एक साखळी. पुढच्या ओळीत मुका खांब साखळीखालच्या जागेत आणि साखळी मुक्या खांबाच्या डोक्यावर. वीट-बांधकामात जोड जसा सरकवतात तसा प्रत्येक टाका अर्ध्यानं सरकतो, त्यामुळं सरळ भोक पडतच नाही. विणायला कंटाळवाणं, सूतही जास्त खातं, पण अंगावर नीट पडतं आणि नुसत्या मुक्या खांबांसारखं ताठ राहत नाही.

२० नोव्हेंबर

शाळेच्या व्हॅनमध्ये जाता-येता चार-चार ओळी. जिंतूर रोडला खड्डा आला की सगळ्याजणी माझ्या सुईकडं बघतात.

बाहेर वेचणी चाललीय. यंदा कापसाचं पावसानं वाटोळं केलं, पहिली बोंडं झाडावरच काळी पडली. व्हॅनमध्ये भावाचीच चर्चा. लांब धाग्याच्या कापसाचा यंदाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल, म्हणजे किलोला ८१ रुपये १० पैसे. माझ्या मांडीवरचा ५० ग्रॅमचा गुंडा शंभराच्या पुढचा. मान्य आहे, किलोभर कापसातून सरकी काढली की रुई तिसरा हिस्साच उरते, पुढं कातणं, पिळणं, रंगवणं, दुकानाचं भाडं. सगळं मान्य. तरी ज्या मॅडमच्या घरी आठ एकर कापूस आहे त्यांनी गुंडा हातात घेऊन किंमत विचारली तेव्हा मी वीस रुपये कमीच सांगितली.

२३ नोव्हेंबर

भाचीला स्टेशनवर सोडायला गेले आणि नगरसोल-नरसापूर समोर लागली. ही गाडी लहानपणापासून बघतेय, नरसापूर कुठं आहे ते मात्र क्रोशामुळं कळलं. गोदावरी समुद्राला मिळते तिथलं, आंध्रातलं गाव. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना क्रोशाची लेस शिकवली, आज त्या भागातल्या घराघरांत ती विणली जाते आणि २०२४ मध्ये नरसापूरच्या लेसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. पैठण, नांदेड करत जाणारी गोदावरी शेवटी तिथं पोचते.

आपल्याकडं क्रोशा आला तो टीव्हीवरचे रुमाल आणि दारावरची तोरणं होऊन. आईच्या पिढीत पोरीला पांढऱ्या दोऱ्यात "सुस्वागतम्" विणता आलं की ती हुशार. लोखंडी बारीक सुई, चाळीस नंबरचा दोरा. नंबर जेवढा मोठा तेवढा दोरा बारीक. आईला अजून येतं, डोळे साथ देत नाहीत. तिला माझं आठपदरी सूत म्हणजे सुतळी वाटते.

दुपटं निम्मं झालं.

२८ नोव्हेंबर

किनार. राणी बाद झाला म्हणून मोरपंखीच. आईच्या पैठणीच्या नारळी काठाचे त्रिकोण डोळ्यासमोर ठेवले : एका टाक्यात मुका, अर्धा, पूर्ण, अर्धा, मुका असं वाढवायचं आणि उतरवायचं, दोन टाके सोडून पुन्हा. नक्षी भरीव, टोकाला साखळीचा फास नाही. फास दिसतो छान, पण बोट घालायला अगदी तयार.

धागे लपवले. प्रत्येक शेपूट सुईत ओवून एका दिशेनं, मग उलट, मग परत. विणकाम बघणारे सुलट बघतात. मी बाळाची वस्तू उलटीकडून बघते. आत सुटा राहिलेला धागा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला गेला तर आवळून रक्त थांबतं, आणि बाळ का रडतंय ते कुणाला कळत नाही. मोज्यांत तर हे हमखास, म्हणून हातमोजे मी करतच नाही.

वजन ४३० ग्रॅम. एक पाणी काढून, पाटावर ओढून सपाट वाळवलं. ७५ आणि एक बोट.

३० नोव्हेंबर

जालना. पाळण्याखाली गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं, आत्यानं कानात कुर्र केलं. मग आहेर. येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी तेच प्लास्टिकच्या खिडकीचे गिफ्ट सेट आणले होते, टोपी-झबलं-लाळेरं-मोजे, सगळं झिरो साइज. बाळ आताच त्यातून बाहेर आलेलं.

माझ्या पुडक्यात चिठ्ठी होती : "पूर्ण सुती. गरम पाणी चालेल, साबण थोडा. खाली अंथरा, मांडीवर घ्या. झोपल्यावर अंगावर सुटं टाकू नका." शेवटची ओळ लिहू की नको असं झालं होतं. वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंथरुणात सुटी पांघरुणं, उशा, मऊ खेळणी नकोत असं डॉक्टर सांगतात. आहेरासोबत उपदेश बरा दिसत नाही, लिहिली तरी.

आजीबाईंनी दुपटं घेतलं, दोन्ही हातांनी ताणलं, मधोमध करंगळी खुपसून बघितली. गेली नाही. "विणलंय बरं," म्हणाल्या आणि बाळाखालचं ओलं दुपटं ओढून हेच घातलं. दहा मिनिटांत तेही ओलं. जालनावाली ओशाळली, मला मात्र मनातून बरं वाटलं.

टोपडंही चढलं. फिट.

४ डिसेंबर

कुंची. आकार सोपा : टोपरं आणि पाठीवर सुटणारा घोळ. टोपऱ्याला ३८ बाय १६ चा आयत, चेहऱ्याभोवतीची कड ३८. दुमडून मागं शिवला की झालं. मानेपासून खाली खांब वाढवत खांद्यांवर घोळ. जुन्या कुंच्या खणाच्या असायच्या, आत मऊ अस्तर. मीही आत अस्तर लावणार, आजोबांच्या धोतराचं. पहिले कपडे जुन्या धुतलेल्या कापडाचे घालावेत ही बायकांची समजूत मला पटते. तेवढं मऊ कापड दुकानात मिळत नाही.

१३ डिसेंबर

विद्यापीठाच्या वेधशाळेचा पारा एक अंकी झालाय, पेपरात रोज परभणी वरच्या ओळीत. बोटं आखडतात. सुई स्टीलची, पहाटे हातात धरवत नाही.

हनुवटीखालची नाडी. गोल गोफ केला तर तो आवळला जातो, म्हणून दोन बोटं रुंद पट्टी, प्रत्येकी १५ सेंमी, मुळाशी दोनदा शिवलेली. बटण नाही, टिचबटणही नाही. मागच्या कडीत मुका खांब घेत गेलं की पट्टीला रबरासारखा ताण येतो, गळ्याला काचत नाही. रेशमी रिबीन लावायचा आग्रह यावेळी आईचा. "कुंचीला तरी लाव गं." कुंची ती, थोडा नखरा तिला शोभतो. मागच्या घोळाला, बाळाच्या हाताला लागणार नाही अशा जागी, काठाचं जुनं कापड लावलं. दोघी खूष.

१९ डिसेंबर

वेळ अमावस्या, लातूरवालीच्या शेतात. कडब्याची कोप, आत पांडव मांडलेले, बाहेर आंबिलाचे माठ. भज्जी आणि उंडे इतके खाल्ले की दुपारी उठवत नव्हतं. ज्वारी पोटऱ्यात, वारा बोचरा. नदीकाठचे दोन तुकडे पावसात खरडून गेले, तिथं नुसती वाळू आणि दगड, पण त्याबद्दल आज कुणी बोलत नव्हतं.

कुंचीची खरी परीक्षा इथं झाली. पोरगं बाहेर काढलं की ओठ काढायचं; कुंची घातली आणि कडेवर घेतलं तर टोपऱ्यातून टुकूटुकू बघत बसलं. तासाभरानं मानेत हात घालून पाहिला : गरम, पण घाम नाही. बाळाला थंडी-उष्मा कळायचा असेल तर मान बघायची. हातपाय तसेही गारच असतात. टोपरं अजून दोन बोटं मोठं चाललं असतं. फेब्रुवारीपर्यंत टिकेल, पुढं कुंची लागतेच कुणाला.

निघताना लातूरवाली म्हणाली, "बोरन्हाणाला काळं काहीतरी कर ना." पहिली संक्रांत आहे.

२७ डिसेंबर

काळं टोपडं, १२ नोव्हेंबरचाच हिशोब, खांबांची एक जादा ओळ. रात्री काळ्या सुतावर टाके दिसत नाहीत. मांडीवर पांढरा टॉवेल पसरला की भोकं दिसतात. काळ्यानं फडकं राखाडी केलं. तीन पाणी काढल्यावर थांबलं. हलव्याचे दागिने लातूरवालीची नणंद करतेय, त्यात मी पडले नाही.

५ जानेवारी २०२६

नांदेडवाली. आतापर्यंत अडलं होतं ते रंगावर. मोबाईलवरचे सगळे नमुने निळे नाहीतर गुलाबी, "मुलगा असेल तर हा, मुलगी असेल तर हा". आपल्याकडं आधी कळतच नाही. १९९४ च्या कायद्यानं कळून घ्यायला बंदी आहे आणि असावीच. मग सगळे जण पिवळ्यावर येतात. पिवळं एक करून झालं.

बैल करते. नांदेडचा म्हटल्यावर लाल कंधारी : गडद तांबडा, अंगावर दुसरा डाग नाही. मुलगा-मुलगी प्रश्नच मिटला. बाळ खेळायला लागेल तोवर पोळा येईलच.

अडीचची सुई, चारपदरी सूत, मुके खांब घट्ट. आतला भराव टाक्यांतून दिसला नाही पाहिजे. खांब उंच म्हणून चकतीला बारा लागतात, मुका बुटका म्हणून सहा. सहानं सुरुवात, दर फेरीला सहा वाढ. धड, डोकं, चार पाय, वशिंड, शेपूट, शिंगं. वशिंड बसवायला सगळ्यात जास्त वेळ गेला. पुढं सरकलं की उंट, मागं सरकलं की आजारी गाय. खांद्याच्या बरोबर वर, किंचित मागं झुकलेलं, तेव्हा कुठं बैल झाला.

लाल सूत मात्र फडक्याच्या परीक्षेत दोनदा नापास. तिसऱ्या दुकानातलं पास झालं, कोरडं, ओलं आणि थुंकी लावूनही. आई म्हणाली, "थुंकून काय बघायलीस?" बाळ तेच करणार आहे.

९ जानेवारी

डोळे. पाठीमागं वॉशर बसवायचे प्लास्टिकचे तयार डोळे मिळतात, चेहरा एकदम जिवंत दिसतो. पण टाका सैल पडला की डोळा वॉशरसकट निघतो आणि थेट तोंडात जातो. तीन वर्षांखालच्या पोरांना ते नकोतच. काळ्या धाग्यानं भरले, वर एकच पांढरा टाका. त्या टाक्यानं नजर आली.

आत पॉलिस्टरचा भराव. सरकीचा कापूस घरात होता, पण धुतल्यावर तो आत आठवडाभर ओला राहतो, कुबट होतो, गोळे धरतो. एरवी सगळीकडं सुती-सुती करते आणि पोटात पॉलिस्टर. चालतंय, ते अंगाला लागत नाही आणि लवकर वाळतं. गळ्यात घुंगरू नाही. शिंगं आत न भरलेली, दाबली की चपटी होणारी. गोंडे विणलेले, सुट्या धाग्यांचे नाहीत. मग दोन्ही हातांनी शिंगं, शेपूट, पाय खरंच ओढून बघितले. एका पायाची शिवण कुरकुरली. परत शिवला.

वजन ६२ ग्रॅम.

१४ जानेवारी

संक्रांत. वाणातच दिवस गेला. सुई हातात घेतली नाही.

२५ जानेवारी

रथसप्तमी, लातूरला बोरन्हाण. बोरं, ऊस, हरभरे, चुरमुरे, गोळ्या. शेजारची दहा-बारा पोरं बाळापेक्षा गोळ्यांवर नजर ठेवून. हलव्याचा मुकुट काळ्या टोपड्यावर चांगला बसला, टाक्यांच्या उंचवट्याला धरून राहिला, घसरला नाही. बाळानं बाजूबंद चोखून चिकट केला आणि तोच हात टोपड्याला पुसला. कुंची दारामागं खुंटीला लटकत होती, काठाचं कापड एका बाजूनं उसवलेलं. म्हणजे रोज घालतात. तिथंच सुईदोरा मागून शिवून दिलं.

१ फेब्रुवारी

नांदेडवालीला मुलगी. दोघी बऱ्या आहेत. फोन आज तिच्या वडिलांनी केला; बैल कालच कुरिअरनं पोचलाय आणि बाळाच्या आधी त्यांनीच ताब्यात घेतलाय. त्यांचा जन्म कंधार तालुक्यातल्या खेड्यातला, बैलाबद्दल त्यांना शिकवण्यासारखं माझ्याकडं काही नाही. रंग बरोबर म्हणाले. शिंगं जरा आखूड म्हणाले. वशिंडाचं काही बोलले नाहीत, म्हणजे जमलंय.

मग विचारलं, "बाई, दुसरा कुठंय?"

"काका, एकच केलाय."

"एक बैल काय कामाचा? जोडी पाहिजे."

लाल सूत उरलंय वीसेक ग्रॅम, पण बैलाला लागतं त्याच्या दुप्पट. पांढरं दुपट्यातलं आणि काळं टोपड्यातलं भरपूर आहे, म्हणून म्हटलं, दुसरा देवणी जातीचा करते, पांढरा-काळा, छान दिसेल.

"कंधारीसंगं देवणी जुंपायलीस का?" म्हणाले.

लाल सूत मागवावं लागणार.